दस्ता अडीच बोटं कमी

३ ऑगस्ट १९९७, रविवार

क्लबातली चार नंबरची रायफल आज पुन्हा कुणीतरी नेमाचे स्क्रू फिरवून आपल्या डोळ्याप्रमाणे लावून ठेवली होती. पहिले पंधरा छर्रे ती परत माझ्या डोळ्यावर आणण्यात गेले. मग चाळीसांत ३३८, चारशेपैकी. रागात मारले नसते तर ३४५ तरी झाले असते.

आमच्या बडोद्याच्या रायफल क्लबच्या कॅप्टन देसाईबेन नव्या बायकांना माझी ओळख करून देतात, "आ शैलाबेन. दीकरीने मूकवा आव्यां ने पोते ज रही गयां." मुलीला सोडायला आले आणि स्वतःच राहिले. खोटं नाही. एप्रिलच्या शिबिरात मुक्ताला घातलं, ती चौथ्या दिवशी कंटाळली, तिच्या जागी मी उभी राहिले. कॉलेजात एन.सी.सी.मध्ये रायफल हातात घेतली होती, त्यानंतर थेट आता, अठरा वर्षांनी. मी विसरले होते, खांदा विसरला नव्हता.

आज बेन म्हणाल्या, १२ ऑक्टोबरच्या जिल्ह्याच्या मॅचला चार नंबर ज्युनिअर मुलींना द्यायची आहे. त्या मॅचमधूनच राज्याच्या संघासाठी नावं जाणार. "तमारी पोतानी लई लो." तुमची स्वतःची घ्या. अशा म्हणाल्या, जशी काही छत्री घ्यायची आहे.

स्वतःची. कारेलीबागेत घरी पोचेपर्यंत डोक्यात तेवढंच.

४ ऑगस्ट, सोमवार

जेवताना विषय काढला. दिलीप म्हणाला, "घे ने मग. पण नवी घे, गॅरंटीची." नवऱ्याचा होकार इतक्या पटकन मिळाला की मी तयार केलेलं सगळं भाषण वाया गेलं.

आबांनी ताकाची वाटी खाली ठेवली. "परवाना कुणाच्या नावानं काढणार?"

मी म्हटलं, एअर रायफलला परवाना लागत नाही.

"परवाना नाही? मग ते कसलं शस्त्र! जत्रेत फुगे फोडतात तीच ना?"

माझे सासरे एस.टी.च्या डेपोत तीस वर्षं टेबलामागे बसले, पण बोलतात असं की कालच घोड्यावरून उतरले. त्यांचे आजोबा संस्थानच्या पागेत होते. त्यांची तलवार अजून माळ्यावरच्या ट्रंकेत आहे. माझं माहेर दप्तरदारांचं, संस्थानचे कागद सांभाळणारी माणसं. लग्नाला सतरा वर्षं झाली तरी आबांचं पालुपद तेच, "तुमच्याकडं कागद, आमच्याकडं पोलाद."

आजही म्हणालेच. मी भांडी जरा जोरात आपटली.

१० ऑगस्ट, रविवार

दुकानात गेलो, दि. आणि मी. नवी देशी रायफल. दुकानदार सगळं दि.ला सांगत होता. वजन दि.ला, किंमत दि.ला. दि. प्रत्येक वेळी माझ्याकडं बोट दाखवायचा, तो मान डोलवून पुन्हा दि.लाच सांगायचा. शेवटी मी त्याच्या हातातून ती काढून घेतली, नळी बिजागरीतून खाली मोडली, छर्रा घातला आणि मागच्या भिंतीवरच्या पुठ्ठ्यावर मारला. मग "बेन, बेन" सुरू झालं.

रायफल हलकी. उडताना स्प्रिंग धक्का देते, गालावर थप्पड बसल्यासारखं. पाच छर्रे मारले, चहाच्या बशीएवढ्या जागेत पसरले.

देसाईबेननी शिकवलेली परीक्षाही केली. डोळे मिटून रायफल उचलायची, गाल टेकवायचा, श्वास सोडायचा, मग डोळे उघडायचे. नळीच्या टोकाची माशी आपोआप निशाणावर आली पाहिजे. ओढूनताणून आणावी लागली तर ती रायफल आपली नाही. ही वीतभर डावीकडं गेली. तिन्ही वेळा.

दि. म्हणाला, "सवय होईल." मी म्हटलं, सवय नवऱ्याची करून घेतली, तेवढी पुरे. दुकानदाराला मराठी कळत नव्हतं म्हणून बरं. नव्हतं बहुतेक.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन उरकून अलकापुरीत डॉ. मेहतांकडं. क्लबचे जुने शूटर, आता मुलाकडं अमेरिकेला चाललेत. त्यांची जर्मन रायफल. पंचवीस वर्षांची जुनी. हिची नळी मोडायची नाही, बाजूचा दांडा मागं ओढायचा, छर्रा बोटानं आत ठेवायचा, दांडा मिटवायचा. सुटताना धक्का म्हणून नाही. आपण श्वास सोडतो तसं काहीतरी होतं आणि दहा मीटरवर भोक पडलेलं असतं.

त्यांच्या व्हरांड्यात पाच मारले. पाची मिळून एकच भोक, कडेला जरा कुरतडल्यासारखं. डॉक्टर कागद बघून आत गेले, चष्मा घालून आले.

पण जड आहे. आणि खांद्याला टेकणारा लाकडी दस्ता लांब, डॉक्टर सहा फुटी. खांद्यात बसवली तर माझा डोळा मागच्या, भोकातून नेम धरायच्या चकतीपर्यंत पोचत नाही, मान पुढं काढावी लागते. डोळे मिटून उचलली, उघडले तर माशी निशाणाच्या डोक्यावर. पण डावी-उजवीकडं केसभरही नाही. सरळ रेषेत वर.

डॉक्टर म्हणाले, दस्ता कापता येईल, अडीच बोटं. "पण शैलाबेन, कापल्यावर ती फक्त तुमची. नंतर दुसरं कुणी घेणार नाही."

सुरतेचा एक मुलगाही मागतोय. आठ दिवसांत सांगायचं.

१८ ऑगस्ट, सोमवार

वाघोडियाला आज आमच्या ड्रॉइंग ऑफिसात दोन कॉम्प्युटर आले. नारळ फोडला, पेढे वाटले. साहेबांनी उंदीर हलवून पडद्यावर एक रेघ काढली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

चौदा वर्षं मी इथं ट्रेसिंग करते. मशिनचे भाग, शाईनं, पारदर्शक कागदावर. माझी रेघ हलत नाही म्हणून जुने साहेब अवघड ड्रॉइंग मुद्दाम माझ्या टेबलावर पाठवायचे. आजचे साहेब म्हणाले, "शैलाबेन, हवे हाथनी जरूर नहीं. ट्रेनिंग लई लो." आता हाताची गरज नाही म्हणे.

ट्रेनिंग घेईन. मला काय येत नाही! पण बसमध्ये येताना हाताकडं बघत होते. इतका चांगला हात.

१९ ऑगस्ट, मंगळवार

ठरलं. जर्मन.

दि.ला सांगितलं तर म्हणाला, "जुनी? आणि वर कापायची? अगं, कापल्यावर उद्या विकता नाही यायची." म्हटलं, विकायची नाहीच मुळी. तो म्हणाला, "बरं बाई." माझ्या बोनसमधून घेतेय, त्यामुळं पुढं बोलायला जागा नव्हती.

२४ ऑगस्ट, रविवार

डॉक्टरांकडून रायफल एक दिवस मागून घडियाळी पोळात, त्या अरुंद गल्लीत, रसिककाकांकडं नेली. शिलाई मशीन, स्टोव्ह, कुलपं आणि एअरगन, सगळ्यांचा एकच वैद्य. दुकान एवढंसं की गिऱ्हाईक ओट्यावर आणि काका आत. त्यांनी रायफलकडं पाहिलंच नाही. दांडा ओढला, कान लावला, रिकामी सोडायला नको म्हणून जाड पुठ्ठ्यावर एक छर्रा मारला. "एक वार फरी, बेन." पुन्हा एकदा. चार वेळा ऐकलं.

"स्प्रिंग सारी छे. अवाज चोख्खो छे." स्प्रिंग चांगली, आवाज स्वच्छ. मग बोट वर करून बजावलं, बाहेरून फडकं फिरवा, पण आत तेलाचा थेंब जाता कामा नये. आत हवा दाबली जाते, तेल पेट घेतं.

मी मान हलवली. मला वाटलं, एवढं मला कळल्यावर पुरे.

१३ सप्टेंबर, शनिवार

आणली! येत्या आठवड्यात पितृपंधरवडा, मग पंधरा दिवस आबांनी उंबऱ्याच्या आत येऊ दिली नसती. मधे गणपती होते, तेव्हा डॉक्टरांना वेळ नव्हता. आज सकाळी त्यांनी स्वतः पेटी स्कूटरवर बांधून दिली.

मुक्तानं पेटी उघडली. मी मुद्दाम स्वयंपाकघरातच थांबले. आबा हिंचक्यावर होते, पेपर वाचत. वाचत नव्हते, पेपर उलटत होते. मग उठून आले, वाकले, दोन्ही हातांनी उचलली. हात जरा खाली गेले, वजनानं.

"हं," म्हणाले. नळीवरून अंगठा फिरवला. "पोलाद चांगलं आहे."

फुगे फोडायची बंदूक कुठं गेली, असं विचारायचं अगदी ओठावर आलं होतं. नाही विचारलं. फुशारकी मारायची तर पाटीभर होती आज, पण त्यांचा चेहरा बघून गप्प राहावंसं वाटलं.

१४ सप्टेंबर, रविवार

सुताराकडं. दस्त्यावर मी स्वतः पेन्सिलीनं रेघ काढली. पट्टीशिवाय. सुतारानं काटकोनी गुण्या लावून पाहिला आणि म्हणाला, बरोबर आहे. मग करवत. मला बघवेना, आणि नजरही हटवेना. अक्रोडाच्या लाकडाचा अडीच बोटांचा तुकडा खाली पडला, तो पर्समध्ये टाकला.

घरी डोळे मिटून उचलली. श्वास सोडला. उघडले.

निशाणावर.

दहा वेळा केलं, दहाही वेळा निशाणावर. अकराव्या वेळी दि. म्हणाला, "मला बघू." त्याच्या खांद्यात बसेचना, नाक चकतीवर आपटलं. हसून हसून पोट दुखलं दोघांचं.

२८ सप्टेंबर, रविवार

३६१. देसाईबेननी कागद दोनदा मोजले. "शुं वात छे!"

गेल्या महिन्यात मला ३३८ होते. रायफल बदलली म्हणून झालं असं कुणी म्हणेल तर म्हणो. निवडली मी, कापली मी.

८ ऑक्टोबर, बुधवार

ऑफिसातून थेट क्लब. ३६८!! आजवरचा सगळ्यात चांगला. मॅचला एवढे पडले तर संघात नाव नक्की. बेननी स्वतः सांगितलं, पहिल्या चारांत याल.

घरी सांगितलं. मुक्ता नाचली. आबा म्हणाले, "परवा खंडेनवमी. यंदा तीही पाटावर ठेवू, तलवारीशेजारी."

सतरा वर्षं मी त्या पाटाभोवती रांगोळी काढते. तलवारीला हात लावायचा नाही, ते पुरुषांचं काम. आणि यंदा माझी रायफल पाटावर.

पूजा झाली की दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत शस्त्र उचलत नाहीत, म्हणजे दोन दिवस सराव बुडणार. बुडू दे. हो म्हटलं.

१० ऑक्टोबर, शुक्रवार. खंडेनवमी

अर्धी रजा. आबा पहाटेच उठून ट्रंक काढून बसले होते. माझी अंघोळ होईपर्यंत पाट मांडून झालेला. तलवार पुसून लखलखीत, तिच्याशेजारी रायफल, लाकूड असं चमकत होतं की डोळे निवले. मागच्या चकतीवर कुंकवाचं बोट. म्हटलं, ते नंतर काडीनं काढता येईल.

मग यादी. ट्रंकेच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे, मोडीतल्या जुन्या कागदावरून आबांनी उतरवलेला. शस्त्र आणि त्याचा धारक. दर खंडेनवमीला मोठ्यानं वाचतात.

"तलवार, सरळ पात्याची. धारक रावजी. भाला. धारक धोंडजी. ठासणीची बंदूक, सरकारजमा. धारक रावजी."

मग एक नवी ओळ, निळ्या बॉलपेननं.

"विलायती बंदूक, छर्ऱ्याची. धारक दिलीप."

माझ्या हातात आरतीचं तबक होतं. दि. पायाच्या अंगठ्याकडं बघत होता. मी आरती म्हटली. सगळ्यांत मोठ्या आवाजात म्हटली.

दि.ला नंतर स्वयंपाकघरात विचारलं, तोंड शिवलं होतं का? म्हणाला, "आबांशी कोण वाद घालणार सणाच्या दिवशी? नाव काय, नुसतं कागदावर तर आहे." मी म्हटलं, मी कागदवाल्यांचीच मुलगी आहे. कागदावर काय असतं ते मला चांगलं ठाऊक आहे.

११ ऑक्टोबर, शनिवार. दसरा

सकाळी फाफडा-जिलबीच्या रांगेत दि. गेला, मला खूश करायला दुप्पट घेऊन आला. बोलले नाही.

संध्याकाळी सोनं वाटून झालं. आबा म्हणाले, उचला आता. मी रायफल उचलली, नळी खाली केली, आणि माझ्या नव्या साडीवर तेलाची धार.

"आबा, हे?"

"तिळाचं तेल. दोन चमचे नळीतून, दोन त्या दांड्याच्या फटीतून. आजोबांची रीत. वर्षभर गंज धरत नाही." इतक्या अभिमानानं म्हणाले. "तलवारीला नुसता हात फिरवला. हिला नीट पाजलं."

मॅच उद्या सकाळी दहाला.

मी हसले. देवाशप्पथ, हसले. मग स्कूटर काढून घडियाळी पोळ. रसिककाकांचं दुकान अर्धं उघडं, आत पाटावर त्यांचे पक्कड, हातोडे, पेचकस, सगळ्यांना पूजेचा लाल धागा, नाडाछडी, बांधलेली, वर झेंडू. मी सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. पण हत्यारांकडं बघून मान हलवली, "आजे ओजारने हाथ न अडाडाय, बेन." आज हत्यारांना हात लावायचा नाही.

ज्या पूजेनं माझी रायफल बुडाली, तीच पूजा.

उपाय तोंडी सांगितला. नळीतून चिंधी ओढा, जेवढं निघेल तेवढं काढा. बाकी "फोड्या करो, तेल बळी जशे." मारत राहा, तेल जळून जाईल. पहिले वीस-तीस कुठंही जातील. पण मारू कुठं? क्लब सणाचा बंद, सोसायटीच्या गच्चीवर माणसंच माणसं. आणि घरी मारली तर आबा विचारणार, का.

नाही सांगणार. ज्या माणसानं सतरा वर्षांत पहिल्यांदा माझी वस्तू पाटावर ठेवली त्याला कसं सांगू? आणि त्याच माणसानं नाव दिलीपचं लिहिलं. दोन्ही खरं आहे. राग आणि माया एकाच ताटात वाढलेत, काय आधी खाऊ?

आबा म्हणाले, उद्या मीही येतो बघायला.

१२ ऑक्टोबर, रविवार

हात अजून तेलकट आहेत, तशीच लिहिते.

वेळ सव्वा तास. मोजायचे छर्रे चाळीस, पण त्याआधी सरावाचे हवे तेवढे मारा, वेळ मात्र त्याच सव्वा तासातला. माझा हिशोब ठरला होता. तेल इथंच जाळायचं.

पहिला बार. रेंजवर आजवर असा आवाज झाला नसेल. फाट्! नळीतून धूर, आणि वास थेट तिळाच्या फोडणीचा. छर्रा कुठं गेला तो निशाणाच्या कागदालाही माहीत नाही. शेजारची मुलगी दचकून खोकायला लागली. मॅचचे साहेब धावत आले. मी म्हटलं, तेल गेलंय आत, सरावाचेच छर्रे मारतेय, नियमात आहे. त्यांनी नियम आठवला, नाक दाबलं, मागं उभे राहिले.

मागं खुर्च्यांत आबा. पहिल्या बाराला उभेच राहिले. "याला म्हणतात आवाज!" सगळ्या हॉलनं ऐकलं. दि.नं सदरा ओढून खाली बसवलं.

दुसरा, तिसरा, दहावा. प्रत्येक बाराला आबांचं "हं!" ऐकू यायचं. इतरांनी मोजायचे छर्रे कधीच सुरू केले होते. विसाव्यानंतर धूर कमी. तिसाव्यानंतर आवाज बसला. बत्तिसावा सातात, तेहेतिसावा आठात. भिंतीवरचं घड्याळ बघितलं, छत्तीस मिनिटं गेलेली. अजून चार मारले. नऊ, नऊ, आठ, दहा. हात वर करून सांगितलं, आता मोजा.

पस्तीस मिनिटांत चाळीस. एका छर्ऱ्याला मिनिटही नाही. डोळे मिटायचे, उचलायची, श्वास सोडायचा, उघडायचे. ती येत होती. माझ्या मापाची होती, म्हणून येत होती. दुसऱ्या कुठल्याही रायफलीनं आज माझी शोभा केली असती. शेवटचा छर्रा सुटला तेव्हा दोन मिनिटं उरली होती.

३५९.

चौथी. गेल्या वर्षी संघात चार नावं गेली होती, यंदा तीन की चार ते कमिटी ठरवणार, पत्रानं कळवणार. तिसऱ्या मुलीचे ३६०. एक गुण! ३६८ मारणारी बाई मी. बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं, बाहेर आले.

तरीही सांगते, आज मी जशी मारली तशी आयुष्यात मारली नव्हती. हे कुणाला कळो न कळो, मला कळलं.

रिक्षात आबा म्हणाले, "आज पहिल्यांदा वाटलं, घरात शस्त्र आहे." मी हो म्हटलं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

ऑफिसनंतर रायफल घेऊन रसिककाकांकडं निघाले तर आबा चपला घालून तयार. "मीही येतो. बघू तरी कोण वैद्य तुझा." काय बहाणा करणार? मागं बसले, रायफलीची पेटी मांडीवर आडवी.

काका मला ओळखतात, आबांना नाही. रायफल खोलली, आतला काळा चिकटा बोटावर घेऊन आबांनाच दाखवला आणि म्हणाले, "आमां तेल कया गधेडाए रेड्युं?" यात तेल कुठल्या गाढवानं ओतलं?

बडोद्यात जन्म काढलेल्या माणसाला गुजराती समजावून सांगावी लागत नाही. आबा ओट्यावर ताठ बसले होते. मग म्हणाले, "में."

मी.

काकांच्या हातातला पेचकस पडला. "अरे वडील, माफ करजो..." आबा म्हणाले, माफी नको, काय झालं ते सांगा. काकांनी सगळं सांगितलं. तेल कसं पेटतं, छर्रा कसा भरकटतो, तो आवाज कशाचा.

तो आवाज. मी रस्त्यावरच्या गायीकडं बघत होते.

घरी आलो. आबा जिना चढताना मधेच थांबले. "मॅचच्या आधी का नाही सांगितलंस?"

म्हटलं, तुम्ही मनापासून पाजलं होतंत.

"आणि नंतर?"

म्हटलं, नंतर तुम्ही उभे राहिला होतात.

आबा रात्रीचं जेवले नाहीत. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. दोन्ही लिहून ठेवते.

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

पत्र नाही. ऑफिसात कॉम्प्युटरचं ट्रेनिंग सुरू. मास्तर म्हणाला, बेन, तुमचा उंदीर जराही थरथरत नाही. मी म्हटलं, उंदीर कशाला थरथरेल!

१९ ऑक्टोबर, रविवार

पत्र अजून नाही.

सकाळी क्लबातून आले तर हॉलमध्ये माळ्यावरची ट्रंक. दसरा होऊन आठ दिवस झाले, ती आता कशाला खाली? आबांनी दिलीपला बोलावलं, माझ्या रायफलीकडं बोट केलं, "ही उचल. नेम धर." दि.नं उचलली. कोपर छातीत रुतलं, मान वाकडी, नाक चकतीवर. "बसत नाही आबा. ही कापलीय ना तिच्या मापानं."

"दे इकडं."

आबांनी स्वतः उचलली. पंच्याहत्तरीचा माणूस, पण पाठ ताठ. त्यांनाही बसेना. खाली केली, पुन्हा लावली, पुन्हा खाली. मग मला म्हणाले, "तू."

मी डोळे मिटले, उचलली, श्वास सोडला. डोळे उघडले तेव्हा आबा समोरच्या भिंतीकडं बघत नव्हते. माझ्या खांद्याकडं बघत होते, जिथं दस्ता बसला होता तिथं.

मी पर्समधून तो अडीच बोटांचा तुकडा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी उलटासुलटा करून पाहिला, ट्रंकेत ठेवला, तलवारीच्या मुठीशी. मग चष्मा लावला, बॉलपेन काढलं आणि झाकणावरच्या कागदावर एक आडवी रेघ मारली. "दिलीप"वरून. रेघ जरा हलली.

दि. हसत होता. "सुटलो बाबा," म्हणाला. मी त्याला अजून माफ केलेलं नाही, पण चहा त्याच्यासाठीही टाकला.

आबा पेन हातात धरून बसले होते. पुढची जागा कोरी.

"कसं लिहायचं?"

"काय कसं?"

"नाव. धारक शैला, हे ठीक. पण पुढं? आमचं शिर्के की तुझं दप्तरदार?" चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. "शस्त्र या घरातलं. पण तो हात काही आमचा नाही. तो तू तिकडून घेऊन आलीस. यादीत खोटं लिहीत नाहीत."

चहा उतू गेला, तो वास आला तरी मी तिथंच उभी.

शेवटी म्हटलं, घाई नको आबा. पुढच्या खंडेनवमीपर्यंत सांगते.

"बरं," म्हणाले, आणि पेन कानावर खोचलं.